चित्रात सरळ केलेली वाट

उस्तिन्या सावेल्येव्ना आमच्या ल्याखोवो गावात नदीवर खुणा लावायची. नदी गोठली की पलीकडे जायची वाट बर्फावरूनच. वादळात सगळं पांढरं झालं की माणसाला ना काठ कळतो ना पाणी. म्हणून वीस-वीस पावलांवर फरच्या झाडाची एकेक फांदी बर्फात रोवायची आणि घोड्याने तिच्या आधाराने चालायचं. हे काम गावकीने तिच्या नवऱ्याला दिलेलं होतं. तो लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाला बर्फातलं काय कळणार. ती कोणाशी वाद घालत बसली नाही. डिसेंबरातल्या निकोलाबाबाच्या सणानंतर नदीने बर्फ धरला, तशी पहार घेऊन एकटीच खाली उतरली. दुसऱ्या दिवशी लोकांना फांद्या दिसल्या. मग कोणी काही बोललं नाही. मी सांगते आहे त्या वर्षी या गोष्टीला अठरा हिवाळे झाले होते.

ठेंगणी, रुंद बाई. पहार वाहून वाहून उजवा खांदा उतरलेला. बोलायला तिखट. गावातली आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो आणि तिच्या वाटेला जायचो नाही. पहार आपटून ती कान देऊन ऐकायची. चांगला बर्फ कोरडा वाजतो, म्हणायची, आणि वाईट बर्फ छातीत कफ साठलेल्या म्हाताऱ्यासारखा खोकतो.

आमच्या काठावरून समोर पाहिलं की पलीकडे गिरणी दिसते. सरळ गेलं तर ती अगदी जवळ. पण गिरणीच्या अलीकडे, पाण्याच्या तळाशी एक कोमट झरा आहे. त्याच्यावरचा बर्फ कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतो. म्हणून उस्तिन्याची वाट नदीच्या मध्यावर आली की डावीकडे वळायची, वरच्या अंगाला लहानशा प्रार्थनाघरापर्यंत जायची आणि तिथून काठाकाठाने गिरणीला. एवढ्या वळशाने दर वर्षी लोकांच्या पोटात दुखायचं. ती म्हणायची, सरळ जायचं त्याने खुशाल जावं, जाताना टोपी माझ्याकडे ठेवून जावी, बायकोला द्यायला बरी.

त्या वर्षी जानेवारीत आमच्या घरी एक चित्रकार उतरला होता. माझे वडील देवळात दियाकोन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचे, होते, घरात एक खोली रिकामी होती. इन्नोकेंती आर्सेन्येविच त्याचं नाव. मध्यम वयाचा, सर्दीने कायम नाक लाल झालेला. उंच काठावर उघड्यात बसून नदीचं चित्र काढायचा. बोटं आखडली की आत येऊन भट्टीला टेकायचा आणि पुन्हा बाहेर. गावाने त्याची आधी टिंगल केली. पण एके दिवशी मुखिया निकांद्रच्या फाटकाचं चित्र त्याने काढलं आणि त्यात फाटकाची तुटलेली तिसरी फळीसुद्धा आली. निकांद्रच्या बायकोने ते पाहून नवऱ्याला सुनावलं की तुला सहा महिने दिसली नाही ती फळी त्या माणसाला दोन तासांत दिसली. तेव्हापासून गावात ठरून गेलं, की या माणसाच्या हातून काडीसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

जानेवारीच्या शेवटी अवेळी ऊब आली. बर्फावर घोटाभर पाणी चढलं, खुणा आडव्या झाल्या. बुधवारी रात्री पुन्हा कडक गोठलं. गुरुवार पलीकडचा बाजाराचा दिवस, म्हणून उस्तिन्या पहाटेच उतरून नव्या फांद्या रोवून आली. त्याच पहाटे तिची मुलगी ग्लाशा बाळंतपणाच्या वेणा देत होती. सुईण म्हणाली होती की मूल आडवं आहे. उस्तिन्या नदीवरून परतली ती अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट न काढताच मुलीच्या उशाशी बसली. दुपारी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

चित्रकाराने त्या गुरुवारी दिवसभर नदी रंगवली आणि शुक्रवारी सकाळी सामान बांधून तो शहराला निघून गेला. शुक्रवारी दिवस मावळता वादळ उठलं. पार्फेन नावाचा आमचा गाडीवान राय नावाचं धान्य दळायला गिरणीवर निघाला होता. त्याची घसरगाडी झऱ्यावरच्या बर्फात गेली. घोडी बुडाली. तो कसाबसा रांगत काठाला लागला, पायाची दोन बोटं गेली. वादळ तीन दिवस चाललं. ते थांबलं तेव्हा नदीवर एकही खूण उभी नव्हती.

अंथरुणावरून पार्फेन एकच सांगत राहिला: मी खुणांवरून गेलो, खुणा सरळ होत्या.

गावकी बसली. गुरुवारी बाजाराला गेलेल्या लोकांना विचारलं, तर दोघे म्हणाले वळसा होता, तिघे म्हणाले नव्हता आणि एकाने खरं ते सांगितलं की घोडं चालत असतं, आपण डुलकी काढतो. मग उस्तिन्याला विचारलं. सगळ्यांना वाटलं आता तिखट ऐकायला मिळणार. ती उठली आणि म्हणाली, "मला आठवत नाही."

खरंच आठवत नव्हतं. अठरा वर्षं तीच नदी, त्याच फांद्या. डोळे मिटले की तिला वळसा दिसायचा, पण तो कोणत्या वर्षीचा हे कळायचं नाही. त्या पहाटे तिचं चित्त बर्फावर नव्हतंच. पहार आपटली की नाही, एवढंही तिला सांगता येईना.

गावकीने ठरवलं, की चूक तिची निघाली तर तिची पेगाश्का घोडी पार्फेनला द्यायची. नांगरणीला घोडा नसेल तर घर बसतं, मग ते तिचं असो की त्याचं. हा न्याय चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. मुदत दिली ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत.

त्या दिवसापासून उस्तिन्याचं बूड कुठे टेकेना. चूल पेटवायची आणि अर्ध्यातून उठून नदीवर जायची. देवाच्या तसबिरींच्या कोपऱ्यापुढे उभी राहायची आणि प्रार्थना सोडून फांद्या मोजायची, पहिली, दुसरी, तिसरी. नात कुशीत घेतली की एकदम खाली ठेवायची. ग्लाशा माझ्यापाशी रडली, म्हणाली, आईला वाटतं हिच्यापायी घोडी बुडाली. एकदा मावशी मला विहिरीवर भेटली. बादली भरून वाहत होती आणि ती ओढतच होती. मी सांगितल्यावर म्हणाली, "पेलागेया, पार्फेनची घोडी गेली तर माझी जाईल, त्याचं काही नाही. पण मी घालवली का तिला, हे कोणीतरी सांगा गं मला."

वडिलांना चित्र आठवलं. त्या गुरुवारी चित्रकार दिवसभर काठावर होता. चित्रात खुणा असणारच. गावकीला हे ऐकून हायसं वाटलं. निकांद्र म्हणाला, ज्याला माझी फळी दिसली त्याला वळसा दिसणार नाही होय? चित्रात असेल ते खरं. पार्फेननेही मान डोलावली. मी लिहायला-वाचायला शिकलेली, दियाकोनाची मुलगी, एकोणीस वर्षांची. मी उस्तिन्याबरोबर शहरात जायचं, चित्र पाहायचं आणि परत येऊन जे दिसलं तेच सांगायचं. मला देवळात क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. सोपं वाटलं होतं मला.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचे दिवस. वाट अजून घसरगाडीची होती, पण बर्फ वितळून सुटत चालली होती. पेगाश्काला जोडून दोन दिवस गेलो. उस्तिन्या वाटेत काही खाईना. मी काळा पाव आणि खारवलेली काकडी पुढे केली की म्हणायची, तू खा, तुला बोलायचं आहे. रात्री ज्या घरी उतरलो तिथल्या म्हातारीने विचारलं, कोणाच्या औषधपाण्याला निघालात का? उस्तिन्या म्हणाली, हो, माझ्याच.

चित्रं शहरातल्या एका मोठ्या सभागृहात लावली होती. रविवारी आमच्यासारख्यांना सोडत होते. दारावरच्या माणसाने आमचे जाड लोकरी नमद्याचे बूट पाहून नाक मुरडलं. आत उस्तिन्याने आधी छातीवर क्रुसाची खूण केली आणि डोळ्यांनी देवाची तसबीर शोधू लागली. मी तिला कोपराने ढकललं.

आमची नदी आतल्या खोलीत होती, सोनेरी चौकटीत, माणसाएवढी रुंद. मी लगेच ओळखली. राखाडी आभाळ, खाली बर्फ, बर्फावर कावळे, पलीकडे रानाची काळी रेघ, गिरणीचं छप्पर. माणूस एकही नाही. आणि आमच्या काठापासून निघालेल्या खुणा, एकामागून एक, लहान होत होत, सरळ गिरणीकडे गेलेल्या. वळसा नव्हता.

मी तिच्याकडे पाहायला धजले नाही. आमच्या शेजारी एक बाई हातमोजे काढत आपल्या नवऱ्याला सांगत होती की पाहा, किती सुनं आहे, ही वाट जणू कुठेच पोचत नाही, आणि ते कावळे म्हणजे मनातले काळे विचार. नवरा म्हणाला, खरं आहे, आपल्या साऱ्या देशाचं दुःख आहे यात. दोघं गंभीर होऊन पुढे गेली.

उस्तिन्या खाली फरशीवर बसली. अगदी शांतपणे बसली, जशी कोणी देवळात बसते. म्हणाली, "तर मग मीच."

मी तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठेना. दारावरचा माणूस धावत आला, लोक वळून पाहू लागले. त्या गडबडीत इन्नोकेंती आर्सेन्येविच स्वतः आला. शहरात नीट कोट घालून होता, नाक मात्र तसंच लाल. त्याने मला ओळखलं, वडिलांची चौकशी केली. बाईंना बरं वाटत नाही का, म्हणाला. मी त्याला घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण त्याने आम्हाला खिडकीजवळच्या बाकावर नेऊन बसवलं.

ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग हळूच म्हणाला, "खुणा मी सरळ केल्या."

"म्हणजे?" मी म्हणाले.

त्याने समजावलं, की जागेवर काढलं तेव्हा त्या फांद्या नजरेला अडवत होत्या. माणसाची नजर एका दमात रानापर्यंत गेली पाहिजे, त्याशिवाय ती हुरहूर येत नाही. घरी आल्यावर त्याने जुन्या पुसल्या आणि नव्या काढल्या. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फळी तो कधी हलवणार नाही, म्हणाला, पण फांद्या तर माणसानेच रोवलेल्या.

उस्तिन्या ताडकन उठली. "मग आधी कुठे होत्या? साहेब, तुम्ही पुसायच्या आधी?"

तो विचारात पडला. डोळे मिटले. कपाळ चोळलं. "आठवत नाही," म्हणाला. "त्या दिवसाचं आभाळ आठवतं. दुपारी दोनला ढगांना खालून पिवळा रंग आला होता, तो आत्ता मिसळून दाखवीन. पण फांद्या... त्या मध्ये येत होत्या, एवढंच आठवतं."

"आभाळाचं काय घेऊन बसलात. माझी घोडी चालली."

"कच्चं चित्र नाही का काही?" मी विचारलं. नव्हतं. त्याच फळकुटावर तो शेवटपर्यंत काम करत राहिला होता.

दोन माणसं, दोघंही त्या दिवशी नदीवर, आणि दोघांनाही आठवत नव्हतं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. त्याच्या चित्रात त्या बाईला देशाचं दुःख दिसलं होतं आणि आमच्या मावशीला आपलं पाप. त्याने तर फक्त नजरेसाठी वाट मोकळी केली होती.

उस्तिन्या पुन्हा चित्रापुढे जाऊन उभी राहिली. या वेळी जवळ, इतकी जवळ की दारावरचा माणूस खाकरला. ती वरच्या डाव्या बाजूला पाहत होती. खुणांपासून बरंच दूर, नुसत्या पांढऱ्या बर्फावर तीन कावळे होते, एक पुढे, दोन मागे.

"हे कावळे पण नजरेसाठी का, साहेब?"

तो म्हणाला, नाही, त्यांना हात लावला नाही. तिथे काळा ठिपका हवाच होता, देवाने आयता दिला. बसले होते तसे काढले.

"काय करत होते?"

"काहीतरी टोचत होते."

"बर्फात काय टोचणार?" ती माझ्याकडे वळली. "पोरी, कावळा हिवाळ्यात नदीच्या मधोमध कशाला उतरतो? लीद पडते तिथे. त्यातले ओटचे दाणे खायला. घोडे तिथून गेले होते गं. प्रार्थनाघराच्या बाजूने. एक इथे, दोन तिथे, बघ, हाच माझा वळसा."

मी पाहिलं. एकदा दिसल्यावर दिसायचं थांबेना. सरळ खुणांच्या डावीकडे, तीन काळ्या ठिपक्यांतून आमची जुनी वाट वळत गेली होती. ती हातमोजेवाली बाई पुन्हा जवळून चालली होती, तिला उस्तिन्या म्हणाली, "सुनं कुठलं, बाई? सकाळपासून सगळा बाजार गेलाय इथून." बाईने नवऱ्याचा हात धरला आणि ती निघून गेली.

चित्रकार स्वतः चित्राजवळ जाऊन ते तीन ठिपके पाहून आला. मग त्याने एका कागदावर लिहून दिलं, की खुणा मी हलवल्या, कावळे हलवले नाहीत, आणि खाली सही केली. असा कागद मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

परतताना उस्तिन्याने सबंध पाव खाल्ला. पण रात्री पुन्हा उठून बसली. म्हणाली, तुला शपथ आहे. चित्रात काय दिसलं ते सांगायची. खुणा सरळ दिसल्या. तेच तुला सांगावं लागेल. मी म्हटलं, कावळेही दिसले की. ती म्हणाली, गावकी खुणांचं विचारणार, कावळ्यांचं नाही.

आणि तसंच झालं. मुदतीच्या दिवशी निकांद्रच्या अंगणात सगळे जमले होते, पार्फेन काठी टेकून भिंतीशी. निकांद्रने विचारलं, चित्रात खुणा कशा आहेत? मी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "सरळ."

अंगणात गलका उठला. उस्तिन्या माझ्याकडे न बघता उभी होती. मी ओरडूनच सांगितलं की अजून संपलं नाही आणि कागद वाचला. त्यावर गलका वाढला. निकांद्र दुखावल्यासारखा म्हणाला, मग माझी फळी तरी खरी का? त्याची बायको म्हणाली, फळी खरी आहे, जाऊन पाहा, अजून तशीच आहे. लोक हसले आणि मग जरा ऐकू लागले.

मी कावळे सांगितले. जमिनीवर काटकीने नदी काढली, गिरणी, प्रार्थनाघर, आणि तीन ठिकाणी खडे ठेवले. पार्फेनचा मेहुणा म्हणाला, लीद जुनी असेल, आधीच्या आठवड्यातली. म्हातारा येलिझार दात नसलेल्या तोंडाने म्हणाला, "घोटाभर पाणी चढलं होतं, बाबा. जुनी लीद तुझ्या सासुरवाडीला वाहून गेली. गुरुवारी होती ती गुरुवारचीच." सगळे त्या खड्यांकडे बघत होते. पुस्तकातलं कोणाला कळलं नसतं, सहीचा कागदही कळला नसता. पण लीद आणि कावळे प्रत्येकाला कळत होते.

पार्फेन काठी टेकत पुढे आला. खडे पाहिले. म्हणाला, "ती डावीकडे ओढत होती."

कोण, म्हणून कोणी विचारलं नाही.

"बर्फाने डोळे भरले होते. मला गिरणीचा दिवा दिसला. ती डावीकडे ओढत होती, मला वाटलं वादळाला भ्यायली. मी लगाम उजवीकडे घेतला." काठी सावरून म्हणाला, "खुणा सरळ होत्या असं मला खरंच वाटत होतं. रोज रात्री मला सरळच दिसायच्या."

मला वाटलं, उस्तिन्या आता त्याला फाडून खाणार. तसा हक्क होता तिचा. दोन महिने त्या एका वाक्याने तिला जाळलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, ठेंगणी, उतरलेल्या खांद्याची. म्हणाली, "दोन महिने तू माझी झोप खाल्लीस, पार्फेन. देव तुला क्षमा करो, मला लगेच जमणार नाही." आणि वळली. फाटकापर्यंत गेली, त्या तिसऱ्या फळीपाशी थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "माझं शेत नांगरून झालं की पेगाश्काला ने. बुधवारनंतर. आणि लगाम ढिला ठेव, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याने नेली. त्या वर्षी दोन्ही शेतं एकाच घोडीने नांगरली, जरा उशिरा.

गावकीने काम तिच्याकडेच ठेवलं. आणखी अकरा हिवाळे तिने खुणा लावल्या, एकही घसरगाडी बुडाली नाही. पण ती पहिल्यासारखी झाली नाही. आधी सकाळी फांद्या रोवून आली की तिचं नदीशी काम संपायचं. आता दुपारी पुन्हा जायची. संध्याकाळी पुन्हा. ग्लाशाची मुलगी चालायला लागल्यावर तिला बरोबर न्यायची आणि वळणापाशी उभं करून विचारायची, ही खूण कुठे आहे, सांग. पोरगी बोट दाखवायची. मग पुढच्या खुणेकडे जायची आणि तेच विचारायची. आम्ही काठावरून पाहायचो. खुणा जागेवरच असायच्या, आणि ती पहिलीपासून पुन्हा सुरुवात करायची.